हायलंड पार्कचे दिवे

कर्जाचे हप्ते थकले की माणसे येतात आणि दारातली गाडी ओढून नेतात, हे अमेरिकेत चार वर्षे काढलेल्या कुणालाही नवीन नाही. 'रेपो' म्हणतात त्याला इथे. पण आख्ख्या गावाचे रस्त्यावरचे दिवे असे उचलून नेल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का? २०११ साली मिशिगनमधल्या हायलंड पार्क नावाच्या गावात हे घडले. गावाने वीज कंपनीचे सुमारे ४० लाख डॉलर थकवले होते. शेवटी तडजोड झाली. डीटीई कंपनीने थकबाकी सोडून दिली आणि बदल्यात गावातले हजाराहून अधिक दिवे काढून नेले. नुसते बंद केले नाहीत हो, खांबासकट उपटून नेले! मोठे रस्ते आणि चौक तेवढे उजेडात राहिले, आतल्या गल्ल्या अंधारात गेल्या. लोकांनी रात्री आपापल्या ओसरीवरचे दिवे चालू ठेवावेत, असे गावाने त्यांना सुचवले.

तेव्हा अमेरिकेत मंदी होती आणि बरीच शहरे पैसे वाचवायला दिवे मालवत होती. कोलोरॅडो स्प्रिंग्जने २०१० साली एक तृतीयांश दिवे बंद केले होते. पण बंद केलेला दिवा पैसे आले की पुन्हा लावता येतो. खांबच गेला तर काय लावणार?

ही गोष्ट इतर कुठल्या गावाची असती तर मी दोन हळहळीचे शब्द लिहून थांबलो असतो. पण हायलंड पार्क हे साधे गाव नाही. मी आणि माझ्यासारखे शेकडो मराठी इंजिनियर ज्या धंद्याच्या जिवावर डेट्रॉईटच्या आसपास घरे बांधून राहिलो आहोत, तो धंदा आजच्या रूपात याच गावात जन्माला आला. फोर्डचा हायलंड पार्कचा कारखाना १९१० साली सुरू झाला. आल्बर्ट कान या आर्किटेक्टने बांधलेल्या त्या इमारतीला इतक्या काचा होत्या की लोक तिला स्फटिक महाल म्हणत. १९१३ साली तिथे सरकती असेंब्ली लाईन चालू झाली आणि मॉडेल टीची चासी जोडायला लागणारा साडेबारा तासांचा वेळ काही महिन्यांत दीड तासावर आला. १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, तीही इथलीच. १९१० च्या जनगणनेत गावात चार हजारांच्या आसपास माणसे होती. १९२० साली ४६ हजार, १९३० साली जवळजवळ ५३ हजार. पुढे क्रायस्लरचे मुख्यालयही इथेच आले आणि १९९० च्या दशकात ऑबर्न हिल्सला निघून गेले. २०१० साली उरली पावणेबारा हजार माणसे, २०२० साली नऊ हजारांहूनही कमी. जेमतेम तीन चौरस मैलांचे गाव, चारी बाजूंनी जवळजवळ पूर्ण डेट्रॉईटने वेढलेले. आणि मधून जातो वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू.

या वुडवर्डबद्दल थोडे सांगायलाच हवे. १९०९ साली याच रस्त्यावर सिक्स माईल आणि सेव्हन माईल या आडव्या रस्त्यांच्या मधला एक मैल सिमेंट काँक्रीटचा केला गेला. अमेरिकेतला काँक्रीट हायवेचा पहिला मैल म्हणून तो ओळखला जातो. हायलंड पार्कची उत्तरेकडची वेस संपते त्याच्या लगतच तो सुरू होतो. १९११ साली इथून थोड्या अंतरावर, वेन काउंटीतल्या ट्रेंटनजवळ, एडवर्ड हाईन्स यांनी रस्त्याच्या मधोमध रेघ मारायची कल्पना अमलात आणली. (गळक्या दुधाच्या गाडीने रस्त्यावर उमटलेली रेघ पाहून ती सुचली म्हणे. खरे-खोटे देव जाणे, पण गोष्ट छान आहे.) १९२० साली विल्यम पॉट्स या डेट्रॉईटच्या पोलिसाने लाल-पिवळा-हिरवा असा चारी दिशांना दिसणारा सिग्नल तयार केला, तोही वुडवर्डवरच. १९४२ साली हायलंड पार्कच्या पोटातून खणून काढलेला डेव्हिसन फ्रीवे उघडला. जमिनीच्या पातळीखालून शहरातून जाणारा असा तो देशातला पहिला.

रस्ता, रेघ, सिग्नल, फ्रीवे. गाडीवाल्याला जे जे लागते ते बहुतेक सगळे या पंधरा-वीस मैलांच्या पट्ट्यात आधी झाले. चालणार्‍याला काय लागते याचा विचार करायला मात्र कुणालाच घाई नव्हती.

असे म्हटले की कुणीतरी म्हणते, अहो, अमेरिकेत चालतंय कोण! आज हे खरे वाटते, पण शंभर वर्षांपूर्वी इथले लोक चिकार चालत. रस्ता हा चालणार्‍यांचा, फेरीवाल्यांचा, खेळणार्‍या पोरांचाच होता, आपल्याकडच्या जुन्या पेठांत असतो तसा. त्यात गाड्या घुसल्या तेव्हा लोकांचा राग माणसांवर नव्हता, गाडीवर होता. १९२२ साली बाल्टिमोरमध्ये वर्षभरात अपघातांत गेलेल्या १३० मुलांसाठी स्मारक उभारले गेले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दहा हजार मुलांचा मोर्चा निघाला. १९२३ साली सिनसिनाटीमध्ये तर ४२ हजार लोकांनी सह्या करून मागणी केली की शहरातल्या प्रत्येक गाडीला ताशी २५ मैलांच्या वर जाऊच न देणारे यंत्र बसवा. ती मतदानाला आली. मोटार विक्रेत्यांनी आणि क्लबांनी जंगी प्रचार केला आणि ती मोठ्या फरकाने पडली.

इतिहासकार पीटर नॉर्टन यांनी २००८ साली आलेल्या पुस्तकात हा सगळा काळ मांडला आहे. त्यांचे म्हणणे असे, की सिनसिनाटीनंतर मोटारवाले जागे झाले. गाडीला वेसण घालायची नसेल तर दोष गाडीकडून माणसाकडे सरकवला पाहिजे. त्यासाठी त्यांना एक शब्द आयताच मिळाला: जेवॉकर. यातल्या 'जे'चा अर्थ त्या काळी गावंढळ, शहरात येऊन बावचळलेला खेडूत. म्हणजे रस्ता वाटेल तिथून ओलांडणारा माणूस गुन्हेगार ठरण्याआधी अडाणी ठरला. कायदा नंतर आला. लॉस एंजेलिसने १९२५ साली नियम केला, आणि १९२८ साली हर्बर्ट हूवर यांच्या पुढाकाराने देशभरासाठी नमुना नियमावली निघाली, तिच्यातही तेच तत्त्व आले. चिडवायला वापरलेला शब्द दहा-पंधरा वर्षांत कायद्यात जाऊन बसला. मला स्वतःला असेंब्ली लाईनपेक्षा हा शोध जास्त थोर वाटतो!

तर, वुडवर्ड. त्यावरून ट्राम धावत. १९३० च्या दशकात रस्ता रुंद करताना मध्ये येणारे सेंट जॉन्स चर्च अख्खेच्या अख्खे मागे सरकवले होते. ८ एप्रिल १९५६ रोजी डेट्रॉईटची शेवटची ट्राम वुडवर्डवरून गेली. गाड्या चांगल्या अवस्थेत होत्या म्हणून मेक्सिको सिटीने विकत घेतल्या. ट्रामच्या जागी बस आली. ट्राम ठराविक जागी थांबे आणि तिथे माणसे उतरणार हे गाडीवाल्याला माहीत असे. बसचा थांबा म्हणजे काय, तर खांबाला ठोकलेली एक पाटी. ती कुठेही ठोकता येते. नऊ लेनच्या रस्त्याच्या कडेला, सिग्नलपासून अर्धा मैल दूर, जिथे फूटपाथ नाही आणि दिवाही नाही तिथेसुद्धा.

त्यातच उपनगरे वाढली. नोकर्‍या डेट्रॉईटबाहेर गेल्या. गाडी नसलेले लोक, म्हणजे बरेचसे काळे आणि गरीब, शहरात राहिले. बसच्या व्यवस्था दोन, शहराची वेगळी आणि उपनगरांची वेगळी, आणि उपनगरी बसमध्ये सामील व्हायचे की नाही हे ठरवायचा हक्क प्रत्येक गावाला. नोवाई नाही म्हणाले, रॉचेस्टर हिल्स नाही म्हणाले. बस अशा गावांच्या वेशीवरून मागे फिरे. २०१५ साली डेट्रॉईटमधल्या एका कामगाराची बातमी जगभर गाजली होती. रॉचेस्टर हिल्समधल्या कारखान्यात जायला-यायला तो बसच्या जोडीला रोज २१ मैल चालत असे. परतीची वाट मध्यरात्रीची, आणि मिशिगनचा हिवाळा! लोकांनी साडेतीन लाख डॉलर वर्गणी गोळा केली, कुणी त्याला गाडी दिली, सगळ्यांना बरे वाटले. बस मात्र आली नाही. सगळ्या काउंटींची मिळून एक बस व्यवस्था असावी यासाठी २०१२ साली, आधीचे वीसहून अधिक प्रयत्न फसल्यावर, एक प्राधिकरण निघाले. त्याला पैसे देणारा कर २०१६ च्या नोव्हेंबरात मतदानाला आला आणि अगदी थोडक्यात पडला.

आता दिव्यांकडे येऊ. डेट्रॉईट एकेकाळी दिव्यांसाठी प्रसिद्ध होते हे आज सांगून खरे वाटणार नाही. १८८० च्या दशकात या शहराने गल्लोगल्ली खांब लावायच्या ऐवजी सव्वाशेच्या आसपास उंच मनोरे उभारले आणि त्यांच्या टोकाला आर्क दिवे लावले. दीडशे फुटांहून उंच मनोरे, त्यांना चांदण्याचे मनोरे म्हणत. कल्पना अशी की कृत्रिम चंद्रच टांगून ठेवायचा. गंमत म्हणजे यातले ३१ मनोरे १८९४ च्या सुमारास टेक्ससच्या ऑस्टिन शहराने जुन्या भावात घेतले आणि त्यातले काही आजही तिथे उभे आहेत. ऑस्टिनला कुणी नातेवाईक असतील तर त्यांना दाखवायला सांगा.

त्यानंतर हेझन पिंग्री या महापौराने एक धाडस केले. खाजगी कंपन्या दिव्यांसाठी लुटतात म्हणून त्याने १८९५ साली शहराचे स्वतःचे वीज केंद्र सुरू केले. दिवा ही सगळ्यांची गरज आहे, तेव्हा ती शहराने पुरवावी, असा त्याचा साधा हिशोब. हे खाते शंभरेक वर्षे चालले. मग माणसे गेली, कर गेला, तारा जुन्या झाल्या, चोरांनी तांबे ओढून नेले. बरेच दिवे माळेसारखे एकाला एक जोडलेले, त्यामुळे एक गेला की ओळच्या ओळ अंधारात. २०१३ च्या जुलैत डेट्रॉईटने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा शहरातल्या सुमारे ८८ हजार दिव्यांपैकी ४० टक्के बंद होते.

त्या काळात संध्याकाळी डेट्रॉईटमधून गाडी चालवली असेल तर आठवून पाहा. डिसेंबरात पाच-सव्वापाचला अंधार पडतो. म्हणजे कामावरून सुटण्याची वेळ आणि रात्र एकच. रस्त्याच्या कडेला अंधारात एखादा निळसर चौकोन हलताना दिसे. बसची वाट पाहणारा माणूस ड्रायव्हरला आपण दिसावे म्हणून मोबाईल हलवायचा. नाहीतर बस न थांबता पुढे जाणार आणि पुढची कधी येईल याचा भरवसा नाही.

याबाबतीत साधे गणित आहे आणि ते एकदा मांडून ठेवतो, कारण चर्चेत ते कुणी काढत नाही. रस्त्याचे डिझाईन करताना इथले इंजिनियर जे कोष्टक वापरतात त्यात ताशी ४५ मैलांनी जाणार्‍या गाडीला माणूस दिसल्यापासून पूर्ण थांबायला ३६० फूट धरलेले असतात. ३० मैलांना २०० फूट. गडद कोट घातलेला माणूस साध्या, म्हणजे खाली पाडलेल्या हेडलाईटमध्ये दोनशे फुटांच्या आतच नीट दिसतो. म्हणजे ताशी ४५ मैलांच्या अंधार्‍या रस्त्यावर ड्रायव्हर कितीही सज्जन आणि सावध असला तरी तो वेळेत थांबूच शकत नाही. धडक बसली तर काय होते तेही मोजलेले आहे. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात ताशी २३ मैलांना दहात एक माणूस दगावतो, ४२ मैलांना दोनात एक, आणि ५८ मैलांना दहात नऊ असे निघाले.

बरे, दिवा लावला म्हणजे काम झाले असेही नाही. दिवा अगदी झेब्रा पट्ट्यांच्या डोक्यावर असेल तर उजेड पडतो माणसाच्या टाळूवर आणि रस्त्यावर. ड्रायव्हरला दिसायला हवी ती माणसाची उभी बाजू. म्हणून खांब पट्ट्यांच्या थोडा अलीकडे, गाडी येते त्या बाजूला हवा. तिथे माणसाच्या अंगावर उभ्या पातळीत सुमारे २० लक्स उजेड पडावा अशी शिफारस केंद्रीय महामार्ग खात्याने २००८ च्या पुस्तिकेत केली आहे. थांब्यालाही हेच लागू आहे. काचेच्या शेडमध्ये भगभगीत जाहिरात लावली तर आत बसलेल्याचे डोळे दिपतात, बाहेर कोण उभे आहे ते त्याला दिसत नाही, आणि बाहेरच्याला मात्र तो छान दिसतो. बाईमाणूस एकटी असेल तर हा उजेड तिच्या काय कामाचा? थांबा, तिथपर्यंतची पायवाट आणि रस्ता ओलांडायची जागा, तिन्ही ठिकाणी एकसारखा बेताचा उजेड हवा. हे खर्चिक नाही. फक्त कुणीतरी तिथे रात्री उभे राहून पाहायला हवे.

ओलांडायच्या जागेचा सिग्नल हा आणखी एक अजब प्रकार. नियम पुस्तकाप्रमाणे तो मंजूर व्हायचा तर तासाला साधारण शंभर-सव्वाशे माणसे तिथून रस्ता ओलांडताना मोजली जायला हवीत. आता सात लेनच्या रस्त्यावर जीव मुठीत धरून शंभर माणसे कशी धावतील? विहिरीत किती जण पडले ते मोजून मग कठडा बांधायचा, त्यातला हा प्रकार. टुसॉनमधल्या रिचर्ड नासी या ट्रॅफिक इंजिनियरने १९९० च्या दशकाच्या अखेरीस यातून वाट काढली. एरवी काळा राहणारा आणि बटन दाबल्यावरच लाल होणारा असा सिग्नल त्याने बनवला. २००९ साली तो राष्ट्रीय नियम पुस्तकात आला, आणि २०१० च्या अभ्यासात अशा जागी पादचार्‍यांचे अपघात ६९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ऑफिसात टेबलाशी बसून नव्हे, रस्त्याकडे बघून केलेले इंजिनियरिंग म्हणतात ते हे.

डेट्रॉईटने पुढे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. २०१३ साली दिव्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण निघाले. कर्जरोखे काढले आणि २०१६ च्या डिसेंबरपर्यंत १८.५ कोटी डॉलर खर्चून ६५ हजार एलईडी दिवे लावले. तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घातल्या, म्हणजे चोराला त्यात रस नाही. पूर्वीचे दिवे ८८ हजार आणि नवे ६५ हजार, कारण ठरवले असे की प्रत्येक कोपर्‍यावर एक दिवा, आणि गल्ली ३०० फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये एक. तेव्हा बरेच लोक चिडले होते. पूर्वी माझ्या दारासमोर दिवा होता, आता नाही, म्हणून. मला हा निर्णय पटतो. अर्ध्या शहरात लखलखाट आणि अर्ध्यात काळोख यापेक्षा सगळीकडे पुरेसा उजेड बरा. दिवाळखोर म्हणून जगभर हसे झालेल्या शहराने तीन वर्षांत हे केले, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. (नंतर एका कंपनीचे सुमारे २० हजार दिवे मुदतीआधीच मंद होऊ लागले आणि २०१९ साली प्रकरण कोर्टात गेले. पण निदान बदलायला खांब तरी होते!)

हायलंड पार्कला मात्र असे प्राधिकरणही नव्हते आणि कर्ज द्यायला कुणी तयारही नव्हते. तिथे लोकांनीच हातपाय हलवले. २०१२ साली 'सोलार्डॅरिटी' नावाची संस्था निघाली (सोलर आणि सॉलिडॅरिटी यांची मोट बांधून केलेले नाव) आणि त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास एका निवासी गल्लीत वर्गणीतून पहिला सौर दिवा उभा राहिला. वर पॅनेल, बॅटरी, खाली एलईडी. वीज कंपनीचा संबंध नाही, त्यामुळे कुणी उपटून नेण्याचाही प्रश्न नाही. पुढे आणखी काही लागले आणि सगळ्या गावभर असेच दिवे लावावेत असा प्रस्ताव संस्थेने मांडला. कौतुक करताना एक गोष्ट डोळ्याआड करू नये. मिशिगनच्या डिसेंबरात सूर्य नऊ तास असतो, त्यातही बहुतेक दिवस ढगांमागे, आणि दिवा लागतो पंधरा तास. बॅटरी आणि पॅनेल त्या हिशोबाने मोठे घ्यावे लागते, म्हणजे किंमत वाढते. गल्लीतल्या लोकांनी खिशातून एकेक दिवा उभा करावा हे शौर्य आहे, व्यवस्था नव्हे. डेट्रॉईटमध्येही त्याच सुमारास वेन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या दोन विद्यार्थ्यांनी पाडलेल्या घरांच्या लाकडातून बाके करून बसथांब्यांवर ठेवली होती, खाली पुस्तकांची फळी असलेली. तिथे बाके आधी का नव्हती, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

दरम्यान देशाचे आकडे काय सांगतात? २००९ साली अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी गाड्यांखाली मेले. २०२२ साली साडेसात हजार. चारात तीन मृत्यू अंधारात झालेले. काळ्यांचे आणि मूळ अमेरिकन लोकांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. यावर सरकारी उपदेश ठरलेला: चालताना भडक रंगाचे कपडे घाला, टॉर्च बाळगा. हे ऐकले की मला न्यूयॉर्कचा १७१३ चा एक कायदा आठवतो. चौदा वर्षांवरच्या काळ्या आणि इंडियन गुलामांनी रात्री कंदील घेतल्याशिवाय बाहेर पडायचे नाही, नाहीतर फटके. दोन्ही गोष्टी एक आहेत असे मी म्हणत नाही. तिथे हेतू पाळतीचा होता, इथे काळजीचा आहे. पण उजेडाची जबाबदारी कुणी वाहायची याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच निघते. हातात कंदील चालणार्‍याने धरायचा.

आमच्या धंद्याची बाजूही सांगतो. गाड्या गेल्या वीस वर्षांत उंच आणि जड झाल्या. २०२३ च्या एका अभ्यासात ४० इंचांपेक्षा उंच नाकाच्या गाड्यांनी धडकलेला माणूस मरण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. दुसरीकडे माणूस ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आली. विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने ती २०२२ साली तपासली. अशा गाड्यांचे पादचार्‍यांशी अपघात एकूण २७ टक्क्यांनी कमी. हे वाचून ऑफिसात सगळे खूश. पण पुढचे वाक्य असे होते की रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीही फरक आढळला नाही. शून्य! कॅमेर्‍यालाही दिसायला उजेड लागतो. म्हणजे ट्रॉयमधल्या उजळलेल्या चौकात ही यंत्रणा माणूस वाचवणार आणि हायलंड पार्कच्या गल्लीत तिचा उपयोग नाही. २०२४ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमात रात्रीची चाचणीही सक्तीची केली, ती याचमुळे. इन्फ्रारेड कॅमेरे, चांगले हेडलाईट, सगळे होईल. पण ज्या गावातली मंडळी पंधरा वर्षांच्या जुन्या गाड्या चालवतात तिथे ते पोचायला किती काळ लागेल याचा अंदाज करा.

आपल्या लोकांना याचे काय, असे कुणी विचारील. मंडळाच्या गणपतीत हा विषय काढला तर लोक दुसर्‍या टेबलाकडे जातात हे मान्य. पण उन्हाळ्यात आपले आई-बाबा सहा महिने येतात ना? त्यांना गाडी चालवता येत नाही. जेवण झाल्यावर शतपावलीला निघतात, सबडिव्हिजनच्या तोंडाशी फूटपाथ संपतो आणि पुढे पाच लेनचा अंधारा रस्ता. पलीकडे देशी दुकान दिसते आहे, कोथिंबिरीची जुडी आणायची आहे, पण जायचे कसे? बाबा म्हणतात, "इथे रस्ता ओलांडायला पण गाडी लागते का रे?" लागते. नोवाईतही लागते आणि हायलंड पार्कमध्येही. फरक एवढाच की नोवाईत प्रत्येक घरात दोन गाड्या असतात.

२०२२ च्या नोव्हेंबरात ओकलंड काउंटीत बससाठीच्या कराला मतदारांनी मंजुरी दिली आणि गावोगावचा 'आम्ही सामील नाही' म्हणायचा हक्क संपला. नोवाई आणि रॉचेस्टर हिल्समध्येही बस आली. आता तिथेही रस्त्याकडेला नव्या पाट्या लागल्या आहेत. एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, गाडी घरी ठेवून तुमच्या जवळच्या पाटीपर्यंत चालत जा आणि रस्ता ओलांडून परत या. दिवा कुठल्या खांबावर आहे आणि उजेड कुणाच्या अंगावर पडतो ते बघा. काउंटीच्या रस्ते खात्याच्या सभा सर्वांना खुल्या असतात आणि तिथे बोलायला तीन मिनिटे मिळतात.